कमरेला पिस्तूल लावण्याआधी: परवाना, निवड, सराव, सगळं पहिल्यापासून

कराडला आमचं गुळाचं आडतीचं दुकान आहे, सीझनला रोख रक्कम घेऊन रात्री उशिरा घरी यावं लागतं, आणि एकदा वाटेत दोन मोटरसायकली बराच वेळ गाडीच्या मागं लागल्या होत्या. त्या रात्री काही झालं नाही पण त्याच आठवड्यात मी परवान्याच्या मागं लागलो. त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतले, पाहुण्यातले, विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, मित्र सगळे एकच विचारतात, "कुठलं पिस्तूल घेऊ?" मला वाटतं हा प्रश्न चौथा किंवा पाचवा यायला पाहिजे. म्हणून नव्या माणसासाठी जसं झालं तसं, ज्या क्रमानं करायला पाहिजे त्या क्रमानं लिहितोय.

आधी स्वतःला विचारायचं

तुम्हाला खरंच लागतंय का? दुकानाचा कॅश बँकेत दुपारीच भरता येत असेल, यूपीआयनं निम्मा व्यवहार होत असेल, रात्रीचा रस्ता बदलता येत असेल, तर ते आधी करा. मी स्वतः परवाना मिळाल्यावर सुद्धा रोख नेणं कमी केलं, आणि खरी सुरक्षितता त्यानंच वाढली असं माझं मत आहे. घरात कोणी जास्त पिणारं असेल, कोणाचं डोकं पटकन फिरत असेल, कोणी डिप्रेशनमधनं जात असेल, तर त्या घरात हत्यार आणू नका. हे कडक वाटेल पण ह्यात मी कुणाचीच भीड ठेवत नाही. भावकीत बांधावरनं वाद चालू असतील तर तर नकोच, कारण रागाच्या भरात माणूस कपाटाकडं कधी वळला हे त्यालाच कळत नाही.

आणि गावठी कट्टा हा पर्याय नाही. "परवान्याला वर्ष जातंय, कट्टा आठ दिवसात मिळतो" असं सांगणारे आपल्याकडं पण आहेत. विनापरवाना हत्याराला शस्त्र अधिनियम १९५९ खाली तुरुंग आहे, आणि तो कट्टा हातात कधी फुटेल ह्याचा नेम नाही.

परवाना: साताऱ्यात, सांगलीत काय करावं लागतं

आपल्याकडं पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं परवाना देणारे जिल्हाधिकारी. साताऱ्याचा माणूस साताऱ्याच्या कलेक्टर ऑफिसला, सांगलीचा विजयनगरला. अर्ज फॉर्म ए-१ वर, एनडाल-आलिस ह्या केंद्राच्या पोर्टलवरनं भरायचा आणि परवाना निघाला की तुमचा युआयएन नंबर पडतो, तो नंबर नसलेला परवाना चालत नाही. वय २१ पूर्ण पाहिजे. ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आयकर रिटर्न, डॉक्टरचं सर्टिफिकेट फॉर्म एस-३ मध्ये, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट फॉर्म एस-१. हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, २०१६ च्या शस्त्र नियमांनी ते आणलंय. काही जण ते फक्त कागद म्हणून उरकतात, तसं करू नका, तिथंच पहिल्यांदा कुणीतरी हातात हत्यार देऊन चूक दाखवतं.

मग फाइल पोलिसांकडं जाते. स्टेशनचा माणूस घरी येतो, शेजारी विचारतो, तुमच्यावर गुन्हे आहेत का बघतो, तिथनं वर एसपी ऑफिसला, तिथनं परत कलेक्टर ऑफिसला. कायद्यात मुदती आहेत पण आपल्याकडं वेळ लागतो हे धरूनच चाला. कारण लिहिताना "स्वसंरक्षणासाठी" एवढाच शब्द लिहून भागत नाही. कशापासून धोका, का, कधीपासून, ते लिहा. मार्केट यार्डाचा परवाना, रोकड उलाढालीचे बँक स्टेटमेंट, आधी काही घडलं असेल तर त्या एनसीची किंवा एफआयआरची कॉपी जोडा. आणि खोटं काही लिहू नका, चौकशीत निघतं. नाकारला तर कारण लेखी मागा आणि ३० दिवसाच्या आत पुण्याला विभागीय आयुक्तांकडं अपील करा, तो तुमचा हक्क आहे. एजंटच्या नादाला लागू नका. माझे एकानं पैसे घेतले आणि फाइल जागची हलली नव्हती, शेवटी मीच तीन फेऱ्या मारून काम केलं.

परवाना आता पाच वर्षांचा असतो, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचा असायचा. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं केली, पूर्वी तीन होती. परवाना हातात पडला की तो घरी बसून नीट वाचा: कुठलं हत्यार, किती काडतुसं, आणि कुठल्या हद्दीपर्यंत. महाराष्ट्रापुरता असेल आणि तुम्ही माल घेऊन निपाणी-बेळगावला गेलात तर तिथं तुम्ही विनापरवाना आहात, मग कागद खिशात असला तरी.

आता निवड

सिनेमात दिसणारं ९ एमएम विसरा, ते आपल्या देशात सामान्य माणसाला बंदी असलेल्या बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या मापात, येतं, .३८ पण. आपल्यासाठी हॅंडगनमध्ये मुख्य म्हणजे .३२, आणि खाली .२२. बाहेरच्या देशातनं मागवणं १९८० च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळं इथं जी फॉरेनची पिस्तुलं विकायला दिसतात ती कुणाची तरी जुनी, हातोहात फिरलेली, आणि किंमत ऐकून डोळे पांढरे व्हावेत अशी. लोक नावासाठी घेतात. माझं म्हणणं, पहिलं हत्यार म्हणून ते घेऊ नका, त्याचं स्प्रिंग गेलं तर कुठून आणणार?

देशी मध्ये सरकारी कारखान्याची चार-पाच मॉडेल्स आहेत. रिव्हॉल्वरमध्ये जुनं मार्क थ्री, वरनं मोडून उघडणारं. मग निर्भीक, २०१४ ला कानपूरच्या कारखान्यानं काढलं, टायटॅनियमचं, साधारण ५०० ग्रॅम, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. मग २०२३ च्या ऑगस्टला आलेलं प्रबल, साधारण ७०० ग्रॅम, ह्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं चाक, बाजूला उघडतं. पिस्तुलात अशनी, .३२ चंच, मॅगझिनवालं, म्हणजे दस्त्यात काडतुसांची पेटी सरकवायची तसलं. आणि .२२ मध्ये निडर नावाचं अगदी हलकं रिव्हॉल्वर, २५० ग्रॅमचं.

नवीन माणसाला हलकं बघितलं की आवडतं. पण हलकं हत्यार हातात जास्त उडतं, दुसरी गोळी जागेवर लागायला वेळ लागतो, आणि सराव करायला हात नको म्हणतो. रोज कमरेला लावायचं तर वजन कमी पाहिजे हे पण खरं. मी दोन्ही हातात धरून बघितली आणि जड घेतलं.

रिव्हॉल्वर का पिस्तूल? मी रिव्हॉल्वर सांगतो, कारण असं: राउंड (काडतूस) फुटला नाही तर परत ट्रिगर ओढा, पुढचा येतो. पिस्तुलात राउंड अडकला तर मॅगझिन ठोकणं, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग ओढणं हे भीतीच्या क्षणी हातानं आपोआप करायला पाहिजे, आणि तेवढा सराव दहातला एक जण करतो. पण रिव्हॉल्वरचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर, म्हणजे घोडा आधी न ओढता थेट चाप ओढायचा, तो जड आणि लांब असतो, बारीक हाताच्या माणसाला, माझ्या बहिणीलाही, तो शेवटपर्यंत नीट ओढता येत नव्हता. तेव्हा दुकानात जाताना ज्याच्या नावाचा परवाना तो माणूस पाहिजे, त्याच्या बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात पोचतंय का, आणि रिकाम्या हत्यारावर, दुकानदाराला विचारून, सलग दहा वेळा ट्रिगर ओढताना पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, हलतीय का ते बघा. हीच सगळ्यात मोठी परीक्षा, बाकी पॉलिश, दस्ता, नक्षी सगळं नंतर.

.३२ ची ताकद कमी आहे असं लोक म्हणतात. आहेच कमी. म्हणून तर सराव, कारण कमी ताकदीच्या गोळीला जागा अचूक लागते. काडतुसं नवीन, पावतीवर घ्या, बहुतेक आपल्या खडकीच्या कारखान्याची असतात, मागच्या बाजूला केएफ छापलेलं दिसतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ एक नाही, काडतूस वेगळं आहे, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेतली काडतुसं कमरेला लावू नका, सरावाला पण नकोच.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी

भिंतीत बोल्टनं बसवलेली छोटी लोखंडी तिजोरी, हत्यार रिकामं करून त्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली फक्त तुमच्याकडं, कारण परवाना तुमच्या नावाचा आहे, बायकोच्या किंवा पोराच्या नाही. उशाखाली, गादीखाली, देव्हाऱ्यामागं, गाडीच्या डिकीत, नाही. आपल्याकडं घरात पाहुण्यांची पोरं सुट्टीला येतात आणि त्यांना सगळी कपाटं माहीत असतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून तिजोरीत टाकू नका, चामडं ओल धरतं, आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर एवढी ओल असते की महिनाभरात नळीवर तांबूस ठिपके आले होते. कोरड्या कपड्यात, पातळ तेलाचा हात मारून, आणि बाजूला सिलिका जेलची दोन पाकिटं.

रिकामं आहे का, हे कसं बघायचं

हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण माझ्या हातनं ह्यातच चूक झाली.

माझे मामा अपशिंगे मिलिटरी गावचे, रिटायर सुभेदार. मी तेव्हा एका मित्राचं पिस्तूल बघायला आणलं होतं, मित्र समोरच बसलेला. मी स्लाइड ओढली, एक राउंड बाहेर टपकला, मला वाटलं झालं रिकामं, मग मॅगझिन काढलं, आणि समोरच्या भिंतीकडं धरून ट्रिगरवर बोट नेलं. मामांनी मनगट वरनं धरलं आणि माझा हात तसाच खाली जमिनीकडं वळवला. एवढं शांतपणे, की आधी मला कळलंच नाही. "आरं, सोपान आत हाय ते बाहेर आलं का?" असं म्हणले, म्हणजे त्यांच्या भाषेत सोपान म्हणजे राउंड, गावाकडं ते प्रत्येक वस्तूला माणसाचं नाव देतात. मग त्यांनी स्लाइड ओढली. आतनं पिवळाधमक राउंड निघून फरशीवर पडला, टणटण करत सोफ्याखाली गेला. भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघर होतं आणि माझी बायको भाकरी थापत होती.

चूक काय झाली? मॅगझिन आत असताना मी स्लाइड ओढली, त्यामुळं एक राउंड बाहेर पडला आणि मॅगझिनमधला पुढचा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, गेला. म्हणून क्रम हाच: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड तीनदा ओढायची, मग ती मागं धरून चेंबरमध्ये डोळ्यानं बघायचं, आणि मग करंगळीचं टोक घालून चाचपायचं. अंधारात डोळा फसवतो, बोट फसवत नाही. रिव्हॉल्वरला सिलिंडर उघडा, एजेक्टर, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा, दाबा, सहाच्या सहा भोकं मोजा. खोलीत दुसरं कुणी हातात घेतलं आणि परत दिलं तर परत बघायचं. "आत्ताच बघितलं की" हे वाक्य चालत नाही.

चार नियम त्या दिवसापासून आमच्या दोघांत पाठ आहेत: प्रत्येक हत्यार भरलेलंच समजायचं, जे उडवायचं नाही त्याच्याकडं नळी कधी करायची नाही, साइट लक्ष्यावर येऊन निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगरवर नाही, आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागं काय आहे ते माहीत पाहिजे. चौथा आपल्याकडं फार महत्त्वाचा, वाड्यातल्या भिंती मातीच्या असतील पण फ्लॅटच्या आतल्या भिंती पातळ असतात, आणि बाजारपेठेत तर मागं नेहमीच माणसं असतात.

कोरडा सराव, रोजचा

रेंज आठवड्याला मिळत नाही. पण नेमबाजीचा निम्म्याहून जास्त भाग घरी, गोळीशिवाय होतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, हत्यार वर सांगितल्याप्रमाणं रिकामं, सुरक्षित भिंतीकडं तोंड, शक्य असेल तर बाहेरच्या दगडी भिंतीकडं. स्नॅप कॅप म्हणजे डमी राउंड घ्या. ट्रिगर खेचायचा नाही, दाबत न्यायचा, बोटाचं पेर सरळ मागं, बाकीची बोटं न हलवता. पुढच्या साइटवर नजर, ती स्वच्छ दिसली पाहिजे, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. मामांनी एक युक्ती शिकवली: नळीवर, पुढच्या साइटच्या मागं, एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर ओढायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. पहिल्या आठवड्यात माझं प्रत्येक वेळी पडायचं, खळ्ळकन, आणि ते सगळ्यांना ऐकू जायचं. तीन आठवड्यांनी दहातली सात वेळा राहायला लागलं.

दहा मिनिटं, आठवड्यातनं चारदा, बास. पंधराच्या वर नको, हात दमला की चुकीची सवय लागते. संपलं की "संपलं" असं मोठ्यानं म्हणायचं, हत्यार तिजोरीत आणि मगच काडतुसांची खोली उघडायची. "अजून एकदा" म्हणून भरलेल्या हत्याराचा ट्रिगर ओढणारेच घरातल्या घरात गोळी झाडतात.

ज्यांचा परवाना अजून आला नाही त्यांनी रिकामं बसू नका. १० मीटरचं एअर पिस्तूल, .१७७ चं, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं, त्याला परवाना लागत नाही. साइट आणि ट्रिगर शिकायला ह्याच्यासारखं काही नाही, टार्गेटवर दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, म्हणजे चूक लपत नाही. शेजारच्या कोल्हापुरातनं तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही मंडळी पुढं आली ती ट्रिगरवरच्या तासन् तास मेहनतीनं. आपल्याला मेडल घ्यायचं नाही, पण हात तसाच शांत लागतो.

रेंजवर

खरी गोळी फक्त मान्यता असलेल्या रेंजवर. शेतात, विहिरीच्या कडेला, अजिंक्यताऱ्याच्या मागच्या उतारावर "टेस्ट" करायची नाही, परवाना गेलाच म्हणून समजा. जाण्याआधी फोन करून विचारा की स्वतःचं .३२ चालतं का, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त एअर पिस्तूलच असतं. माझ्यासारख्यांना पुण्याला जावं लागतं, तीन तास जायला, तीन यायला, म्हणून मी दोन-तीन महिन्यातनं एकदा जातो आणि पूर्ण दिवस देतो.

कानाला चांगले मफ, डोळ्याला चष्मा. पाय खांद्याएवढे, गुडघे किंचित सैल, वजन थोडं पुढं. उजव्या हातानं दस्ता जितका वर धरता येईल तेवढा वर, डावा हात त्याला पूर्ण गुंडाळून. रिव्हॉल्वरला डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढच्या फटीजवळ नेऊ नका, तिथनं गरम वायू बाहेर मारतो, भाजतं. पहिल्या दिवशी ३ मीटर. हो, तीनच. रेंजवरचे लोक हसतील, हसू द्या. पाच पैकी पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या की ५ मीटर, मग ७. हल्ला सहसा अशाच अंतरावरनं होतो, म्हणजे दुकानाच्या काउंटरएवढ्या किंवा गाडीच्या दारापासनं फुटपाथपर्यंतच्या.

मामांचा आवडता सराव म्हणजे ते माझ्या नकळत सिलिंडरमध्ये तीन खरे आणि तीन डमी राउंड मिसळून भरायचे. डमीवर ट्रिगर ओढला की आवाज येत नाही आणि त्या क्षणी नळी खाली कशी झुकते ते सगळ्यांना दिसतं, कारण मन आधीच आवाजाला घाबरलेलं असतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा नळी चांगली दोन बोटं खाली गेली होती. ह्याला औषध एकच, डमीवर झुकणं बंद होईपर्यंत परत परत हाच सराव. रेंजवर खरा राउंड फुटला नाही तर लगेच परत ट्रिगर ओढू नका, नळी पुढंच धरून ३० सेकंद थांबा, उशिरा फुटू शकतो. आणि निघताना हात साबणानं गार पाण्यात धुवा, शिशाची पूड असते, मग डबा खा.

कमरेला लावताना

पुष्कळांना वाटतं हत्यार लपवणं म्हणजे काहीतरी चोरटं. उलट आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी हॅंडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली, आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. काढून दाखवायला मनाई आहे, टेबलावर ठेवणं, स्टेटसला फोटो टाकणं पण नकोच. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे सुद्धा २०१९ चंच.

होल्स्टर असा पाहिजे की ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला पाहिजे आणि कडक असला पाहिजे, नुसता मऊ कापडी खिसा नको. पॅंटच्या आतल्या बाजूला बसणारा, उजव्या कुल्ल्याच्या हाडापासनं थोडा मागं. कमरेच्या पट्ट्यात नुसतं खोचून फिरणं म्हणजे आपल्याच मांडीवर नळी रोखणं. पट्टा दोन पदरी जाड चामड्याचा, पातळ पट्टा वाकतो आणि हत्यार बाहेर झुकतं. वरनं नेहरू शर्ट किंवा सैल बुशशर्ट बाहेर सोडलेला, तो आपल्याकडं सगळेच घालतात त्यामुळं कुणाच्या नजरेत येत नाही. टी-शर्टवर उठून दिसतं. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट आणि शर्टची कड ह्याचा गुंता होतो, तेव्हा आधी रिकाम्या हत्यारानं बसून बघा. स्कूटरवर वाकताना मागनं शर्ट वर जातो का ते घरच्या आरशात बघा.

काढायचा सराव पण रिकाम्या हत्यारानंच: डाव्या हातानं शर्ट पोटापर्यंत वर, उजव्या हाताची पकड होल्स्टरमध्येच पूर्ण, सरळ वर, मग पुढं, दुसरा हात छातीपाशी येऊन भेटतो, बोट मात्र फ्रेमच्या कडेला सरळ. हळू करा. घाई आपोआप येते, पण नीटपणा आपोआप येत नाही. परत ठेवताना जास्त सावकाश, शर्टची घडी ट्रिगरात अडकली का ते खाली बघूनच. बाहेर मी रिव्हॉल्वरचं हत्यार घेऊन जेवायला हॉटेलला, दारूच्या ठिकाणी, जत्रेला, बावधनच्या बगाडाला, विसर्जनाला जात नाही. गर्दीत कुणाचा हात लागला आणि त्याला कळलं तर धक्काबुक्की होते. तिथं ते घरी तिजोरीत बरं.

आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सातारा-सांगलीत अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश निघतात, पेपरात बारीक अक्षरात येतात, तेवढ्या दिवसात काय चालतं ते ठाण्यात विचारून घ्या.

कधी नाही, आणि कधी

हे माझं वकिलांशी बोलून समजलेलं, तुम्ही पण तुमच्या वकिलाशी बोला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचे कलम ३४ ते ४४ आहेत. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल असा खरा धोका, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड, अशा वेळी कायदा जीव घेण्यापर्यंतचा बचाव मान्य करतो, मालमत्तेत दरोडा, रात्रीचं घरफोडी, आग लावणं अशा थोड्याच गोष्टी. पळून जाणाऱ्याच्या पाठीवर गोळी, शिवीगाळ, पार्किंगचा वाद, बांध, पैशाची उधारी, ह्यासाठी नाही. पैशाची बॅग मागितली आणि जीवाला धोका टळतोय असं दिसलं तर बॅग द्या, हे मी माझ्या पोरांना पण सांगतो. "नुसतं दाखवून घाबरवू" हा सगळ्यात वाईट विचार, काढलं तर समोरचा दुसरं काय करेल हे तुमच्या हातात राहत नाही.

दुर्दैवानं वापरावं लागलं तर लगेच ११२ ला फोन, जखमीसाठी अ‍ॅम्ब्युलन्स मागा, स्वतःचं नाव, जागा, आणि "माझ्याकडं परवान्याचं हत्यार आहे" एवढं स्पष्ट सांगा. पोलिस दिसायच्या आत हत्यार होल्स्टरमध्ये किंवा जमिनीवर, हात रिकामे. जागा हलवू नका, उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या केसेस उचलू नका, आणि पुढचं वकिलासमोर बोला. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच तासाला ठाण्यात कळवा, संध्याकाळपर्यंत शोधून बघू असं करू नका.

निवडणूक आणि कागद

आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते आणि बऱ्याच परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ ला लोकसभेचं मतदान इथं ७ मे ला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे एका वर्षात दोनदा. जमा करताना पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथंच वाचा, माझ्या पावतीवर एकदा एक आकडा उलटा पडला होता आणि परत घेताना अर्धा दिवस गेला. हत्यार देण्याआधी चारी बाजूनं मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत आल्यावर आधी नळी साफ करा, मग नेहमीसारखं तपासा.

माझ्याकडं एकच निळी प्लॅस्टिकची फाइल आहे. त्यात परवान्याची झेरॉक्स, हत्याराची पावती, काडतुसांच्या पावत्या आणि किती वापरली त्याची वही, जमा-परतीच्या पावत्या, एस-१ आणि एस-३ ची प्रत, आणि शेवटच्या पानावर परवाना संपायची तारीख लाल पेनानं. नूतनीकरणाचा अर्ज दोन-तीन महिने आधीच टाकायचा, मुदत संपलेल्या दिवसापासून तेच हत्यार बेकायदा होतं.